किल्ली ठेवणाऱ्याचं आपण देणं लागतो

जानेवारी २००५. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. शिक्षकांची मीटिंग आटोपून मी मोटारसायकलवरून घरी निघालो होतो. साखर कारखाने जोरात होते. माझ्यापुढे एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची वाढी तेवढी डांबरावर घासत होती. धोमच्या कालव्याचा पूल यायला अजून अर्धा किलोमीटर होता. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं, की पूल मागे राहिला होता आणि ट्रॅक्टरही मागे राहिला होता. म्हणजे मी त्याला ओव्हरटेक केलं होतं. कधी केलं, समोरून कुणी येत होतं का, पुलाच्या कठड्यापासून मी किती अंतरावर होतो, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. गाडी चौथ्या गिअरमध्ये होती आणि जिभेवर ओल्या नाण्यासारखी चव होती. ती चव कशाची, हे मला चौदा महिन्यांपासून माहीत होतं.

मी पडलो नाही, कुणाला खरचटलंही नाही. घरी आलो, गाडी स्टँडला लावली आणि किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. आमची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती, ती अंगणात रांगत होती. तसलंच कुणाचं तरी पोर त्या पुलाच्या पलीकडच्या वस्तीवर रांगत असणार, एवढाच विचार त्या रात्री डोक्यात होता. मी पुन्हा कधी गाडी चालवली नाही.

मला अपस्मार आहे. आमच्याकडे त्याला फिट म्हणतात, जुनी माणसं फेफरं किंवा मिरगी म्हणतात, आणि ज्यांना हे तिन्ही शब्द तोंडात घ्यायचे नसतात ते 'चक्कर येते' म्हणतात. पहिली फिट २००३ च्या दिवाळीनंतर आली, नववीच्या वर्गात, फळ्यासमोर. मुलांनी चप्पल हुंगवली, कुणीतरी धावत जाऊन कांदा आणला. कांद्याने आणि चपलेने फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये, घड्याळ पाहावं आणि पाच मिनिटं उलटली तर दवाखाना गाठावा, बस्स. हे मी आता दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक वर्गाला पहिल्या तासाला शिकवतो. त्या वेळी मलाही माहीत नव्हतं.

आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी मला त्या शब्दाची फोड करून सांगितली होती. 'अप' म्हणजे दूर जाणं आणि 'स्मृ' म्हणजे आठवणं. स्मरण निघून जातं तो अपस्मार. लोकांच्या लक्षात राहतं ते पडणं, तोंडाला येणारा फेस, आवळलेल्या मुठी. पण प्रत्येक फिट अशी नसते. काही फिटमध्ये माणूस उभाच असतो, चालत असतो, शर्टाचं बटण चाचपत असतो, गाडीही चालवत असतो. फक्त तो तिथं नसतो. चरकाच्या काळापासून चालत आलेल्या या शब्दाने नेमकं तेच हेरलंय. गाडी चालवण्याच्या बाबतीत धोका पडण्याइतकाच या हरवण्यात आहे, आणि हरवणं दुसऱ्याला दिसत नाही. पुष्कळदा स्वतःलाही कळत नाही.

पहिल्या फिटनंतर साताऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काही सूचना लिहून दिल्या होत्या. गोळी चुकवू नका. जागरण नको. उपास नको. विहिरीत पोहायला उतरू नका. गाडी चालवायची नाही. पाच ओळी, सगळ्या सारख्याच अक्षरात. चौदा महिने मी पहिल्या चार पाळल्या आणि पाचवी मोडली. मोडली, कारण ती मला पथ्यासारखी सांगितली गेली आणि पथ्य अधूनमधून मोडलं तर चालतं अशी आपल्याकडे सगळ्यांचीच समजूत असते. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. गाडी न चालवणं हे पथ्य नव्हे. पथ्य माणूस स्वतःच्या भल्यासाठी पाळतो आणि त्याचं फळ त्यालाच मिळतं. जागरण टाळलं, फायदा माझा. पण मी किल्ली ठेवतो तेव्हा माझ्याबरोबर त्या पुलावरून सायकलवर येणारा मुलगा वाचतो, ट्रॅक्टरवाला वाचतो, रस्त्याच्या कडेनं शेळ्या हाकणारी म्हातारी वाचते. यांतल्या कुणालाही ते माहीत नसतं. सगळ्यांच्या जिवासाठी एका माणसाने आपलं पायाखालचं वाहन सोडलेलं असतं. ज्यांच्यासाठी सोडलं, त्यांच्यावर याचं काही देणं होत नाही का? मला वाटतं, होतं. आणि ते आपण आजवर फेडलेलं नाही. ते आहे हेच आपण कबूल केलेलं नाही.

हे सोडणं किती महाग पडतं, ते आधी सांगतो. माझी शाळा घरापासून चौदा किलोमीटरवर. मोटारसायकलने जायला-यायला मिळून पन्नास मिनिटं. एसटीने, फाट्यापर्यंत जाणं-येणं आणि तिथली वाट पाहणं धरून, दोन तास पन्नास मिनिटं. रोजचा फरक दोन तासांचा. शाळेचे दिवस वर्षाला २२० धरले तर ४४० तास, आणि वीस वर्षांचे ८,८०० तास. त्याला चोवीसने भागा. दिवसरात्र धरून ३६६ दिवस येतात, म्हणजे आयुष्यातलं एक आख्खं वर्ष मी फाट्यावर उभं राहून काढलंय. आणि माझी नोकरी सरकारी वेळेतली, पगार ठरलेला. ज्याला पहाटे पाचला डेअरीवर दूध घालायचं असतं, रात्री दोनला लाईट आली की मोटार चालू करायला रानात जायचं असतं, त्याच्यासाठी कुठली एसटी असते?

मग वडाप. ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा-सोळा बसतात, दोघं मागच्या पायरीवर लोंबकळतात. फिट येणाऱ्या माणसाला पायरी कधीच परवडत नाही, म्हणून मी आत जागा मिळेपर्यंत दोन-दोन जीपा सोडतो. कारण विचारलं तर सांगतो. सुरुवातीला सांगत नव्हतो, तेव्हा लोकांना वाटायचं गुरुजींना लई मान पाहिजे.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांचं गाऱ्हाणं खरं होतं, त्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. पण करोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि पाच-सहा महिने आमच्या मार्गावर लाल गाडी जवळजवळ दिसलीच नाही. ज्यांच्या दारात दुचाकी होती त्यांची गैरसोय झाली. माझ्यासारख्यांची वाटच बंद झाली. त्या दिवसांत मला कळलं, की एसटी ही माझ्यासाठी सोय नाही. माझी सोडलेली गाडी तीच आहे.

घरात याची झळ वेगळी लागते. आमच्या भागात पुरुषाच्या हातात गाडीची किल्ली नसेल तर त्याला पुरता बाप्या मानत नाहीत. मोटारसायकल चुलतभावाला विकली त्या दिवशी आई रडली. मला फिट आली त्या दिवशीसुद्धा ती एवढी रडली नव्हती. वर्षभराने बायको म्हणाली, "अहो, मीच शिकते की." रविवारी शाळेचं मैदान मोकळं असायचं. एक जुनी बिनगिअरची स्कूटर घेतली होती. ती सीटवर, मी मागचं कॅरिअर धरून पळतोय, पाय पोळतायत, आणि मी ओरडतोय, "ब्रेक एकदम दाबू नकोस, आधी पकड सोड." चौथ्या रविवारी ती म्हणाली, "धरू नका हो, तुम्ही धरलं की माझा तोल जातो." मी सोडलं. ती मैदानाला पूर्ण वळसा घालून आली तेव्हा घामाने तिचा पदर ओला झाला होता. पहिल्यांदा तिच्यामागे बसून चौकातून गेलो तेव्हा पारावरून कुणीतरी हाक मारली, "काय गुरुजी, डायवर ठेवला व्हय?" तिचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसले. मी काही बोललो नाही. मी बोलायला पाहिजे होतं, हे मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. ती गेली जवळजवळ वीस वर्षं रोज मला फाट्यावर सोडते, परत आणते. मधल्या वेळात तिचं शिवणाचं काम. माझ्या किल्लीची किंमत निम्मी तिने भरलीय. फिटवाल्याने गाडी सोडली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या घरातल्या कुणीतरी, आणि तेही बहुतेक वेळा बाईने, ती उचललेली असते.

आता कायद्याकडे येतो, कारण देणं फेडायची सुरुवात तिथून व्हायला हवी. आपल्याकडे लायसन्सच्या अर्जाबरोबर फॉर्म १ भरावा लागतो. स्वतःच्या प्रकृतीबद्दल आपण करायचं ते घोषणापत्र. त्यातला पहिलाच प्रश्न अपस्माराचा आहे: अपस्माराचे, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा चक्कर येण्याचे झटके येतात का? उत्तर हो किंवा नाही. शेवटची फिट कधी आली, हा प्रश्न नाही. गोळ्या चालू आहेत का, फिट फक्त झोपेत येतात का, तज्ज्ञाचं मत काय, काहीही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात लोकांना धोका होईल अशा आजाराच्या माणसाला लायसन्स नाकारायची तरतूद आहे आणि ती असायलाच हवी. पण किती काळ फिटमुक्त राहिलं म्हणजे धोका कमी झाला असं मानायचं, याचा आकडा कायद्यात नाही. म्हणून 'हो' म्हणजे लायसन्सला कायमचा नकार.

माझं लायसन्स १९९८ चं होतं. २०१८ मध्ये त्याची मुदत संपली. माझी शेवटची फिट ऑक्टोबर २००९ मधली, विधानसभेच्या निवडणुकीच्या ड्यूटीवरची. दोन रात्रींचं जागरण झालं होतं आणि रात्रीची गोळी चुकली होती. त्यानंतर एकही नाही. नऊ वर्षं झाली होती, गोळ्या नियमित होत्या, डॉक्टर समाधानी होते. मी आरटीओत गेलो. फॉर्म १ समोर आला. एजंट चांगला माणूस होता, माझ्या एका विद्यार्थ्याचा काका. त्याने हळूच बोट ठेवलं, "सर, इथं 'नाही'वर टिक करायची. सगळे करतात." खरं सांगायचं तर ती टिक करण्याची माझी इच्छा होती. पेन उघडलेलं होतं. पण वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलोय, की उत्तर चुकलं तरी चालेल, खोटी पायरी लिहू नका. मी पेन बंद केलं आणि घरी आलो. आज माझ्याकडे लायसन्स नाही. तिथल्या रांगेत माझ्यासारखेच आणखी असतील. त्यांनी 'नाही' केलं असेल तर त्यांच्याकडे ते आहे. खरं बोलणाऱ्याला दंड आणि खोटं बोलणाऱ्याला लायसन्स, असा नियम रस्ता सुरक्षित करत नाही. तो फिटवाल्यांना लपायला शिकवतो. लपलेला माणूस डॉक्टरलाही पूर्ण सांगत नाही, म्हणून त्याच्या गोळ्यांची मात्रा बरोबर बसत नाही, म्हणून त्याच्या फिट थांबत नाहीत. आणि तो गाडी चालवतच असतो.

दुसरीकडे काय करतात? ब्रिटनमध्ये साध्या गाडीसाठी साधारणपणे बारा महिने फिट न येणं लागतं, मग लायसन्स परत मिळतं, गोळ्या चालू असल्या तरी. ट्रक आणि बससाठी मात्र दहा वर्षं, तीही अपस्माराच्या गोळ्यांशिवाय. युरोपीय संघाची मर्यादाही साध्या गाडीला एक वर्षाची. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, काही महिन्यांपासून वर्षापर्यंत. ब्रिटनचा हिशेब मला गणिताचा शिक्षक म्हणून फार पटतो. पुढच्या वर्षभरात फिट येण्याची शक्यता २० टक्क्यांच्या खाली आली तर मोटार चालवता येते, अवजड गाडीसाठी ती २ टक्क्यांच्या आत लागते. म्हणजे धोका शून्य असला पाहिजे असं कुणी म्हणत नाही. शून्य धोक्याचा माणूस रस्त्यावर नसतोच. दारू पिऊन, झोपेला आलेले, कानाला मोबाइल लावलेले आपल्या रस्त्यांवर रोज धावतात. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्या मानाने, गोळी वेळेवर घेणारा आणि वर्षानुवर्षं फिटमुक्त असलेला माणूस कुठे बसतो, हे शांतपणे तोलायला हवं. आपल्याकडच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी हे पूर्वीपासून सांगितलेलं आहे. मुदत ठरवा, तज्ज्ञाचा दाखला घ्या, दर वर्षी तपासा. त्यात अवघड काही नाही.

इथे मला कुणी थांबवून विचारील, तुमच्या या उदारपणात माझं मूल गेलं तर? हा प्रश्न टाळून मला पुढे जायचं नाही, कारण तो मी स्वतःला पुलापलीकडे विचारला होता. जपानमध्ये कानुमा नावाचं शहर आहे. १८ एप्रिल २०११ च्या सकाळी तिथे शाळेत चाललेल्या मुलांच्या रांगेत एक क्रेनची गाडी घुसली आणि सहा मुलं मेली. ड्रायव्हरला अपस्मार होता. त्याने तो लायसन्स घेताना लपवला होता आणि गोळी घेतली नव्हती. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मुलांच्या आईबापांनी सह्या गोळा केल्या आणि २०१३ मध्ये जपानने अशा अपघातांसाठी शिक्षा वाढवणारा नवा कायदा केला. त्या आईबापांच्या समोर उभं राहून अपस्मारवाल्यांचे हक्क बोलण्याची माझी ताकद नाही. आणि मला हेही दिसतं, की जपानमध्ये मुदतीचा नियम आधीपासून होता. दोन वर्षं फिट नाही, तर गाडी चालवता येते. तरी तो माणूस खोटं बोलला.

म्हणून नुसती मुदत ठरवून भागत नाही, हे मी मान्य करतो. क्रेन ही त्या माणसाची रोजी होती. त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता यायचं नाही, पण आमच्या गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याचं मला माहीत आहे. त्याला फिट येतात. मुकादमाची उचल घेतलेली, बहिणीचं लग्न व्हायचंय. त्याला मी दोनदा समजावलं. तो म्हणाला, "सर, तुमचा पगार चालू ऱ्हायला. माझं कोण बघणार?" मी त्याला नियम सांगू शकलो, उत्तर देऊ शकलो नाही. त्याला ट्रॅक्टरवरून उतरवायचं तर उतरल्यावर पाय ठेवायला जमीन पाहिजे: कारखान्याच्या गोदामात काम, रोपवाटिका, काहीतरी. किल्ली ठेवल्याबरोबर चूल विझत असेल तर माणूस किल्ली ठेवत नाही, मग कायदा कितीही कडक करा. कानुमाच्या मुलांचा मला लागलेला अर्थ हा आहे. शिक्षा त्या माणसाला अपघातानंतर गाठते. अपघाताआधी त्याला गाठायचं तर त्याला खरं सांगणं परवडलं पाहिजे.

आणि खरं बोलणं परवडू शकतं, हे लग्नाच्या बाबतीत आपण थोडं तरी पाहिलंय. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या शेजारी नेऊन बसवले होते. अशा माणसाचं लग्न रद्द ठरवता येत असे. १९९९ मध्ये तो शब्द कायद्यातून काढला गेला. मनातून निघायला वेळ लागतोय. पण पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या आजाराच्या अनुभवातून 'संवेदना' हा मदतगट उभा केला आणि त्यातून अपस्मार असलेल्यांची लग्नं जुळवायचं कामही केलं, काहीही न लपवता. पूर्वी लग्नानंतर फसवणुकीची भाषा व्हायची. तिथे पहिल्या भेटीतच गोळ्यांची नावं सांगितली जातात. जे लग्नाला जमतं ते लायसन्सला का जमू नये?

राहिलं ते जाण्या-येण्याचं. इंग्लंडमध्ये प्रकृतीमुळे ज्याला लायसन्स नाकारलं जाईल, त्याला बसचा मोफत पास मिळतो. त्यामागचा विचार मला नेमका माझ्या मनातला वाटतो. सरकार म्हणतं, तू आमच्या रस्त्यासाठी गाडी सोडलीस, तर ही आमची गाडी घे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत अपस्माराचं नाव नाही. म्हणून दिव्यांगांची प्रवास-सवलत निव्वळ अपस्माराच्या माणसाला मिळत नाही. मला दिव्यांग म्हणवून घ्यायची हौस नाही. दोन फिटांच्या मधला माणूस धडधाकट असतो. पण देशात एक कोटीहून अधिक माणसांना हा आजार आहे आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपण एकच गोष्ट सांगतो, गाडी चालवू नको. एवढ्या लोकांना गाडीवरून उतरवायचं आणि कशात बसवायचं याचा विचार करायचा नाही, हे न्यायाचं नाही. एसटीने २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला, २०२३ मध्ये बायकांचं तिकीट अर्धं केलं. आमच्या फाट्यावर त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्या बायका माहेरी वर्षातून दोनदा जायच्या त्या महिन्याला जाऊ लागल्या. म्हणजे ठरवलं तर होतं. मात्र तिकिटापेक्षा मला गाडीची वेळ मोलाची वाटते. पास खिशात आणि साडेसहानंतर गाडीच नाही, अशा पासाचं काय करू?

सध्या बाजारात विजेवर चालणाऱ्या हळू गाड्या आल्यात. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही. पुष्कळ जण मला ती घ्यायला सांगतात. कायदा आडवा येत नाही हे खरं. पण पंचविसाच्या वेगातही पूल लागतो आणि समोरून उसाची ट्रॉली येते. मी घेतली नाही. ज्याच्या फिट थांबलेल्या नाहीत त्यानेही घेऊ नये असं मला वाटतं. लायसन्स लागत नाही म्हणून धोका टळत नाही. लायसन्स नाकारलं म्हणून तो कायम राहतो असंही नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या मेंदूच्या एमआरआयमध्ये वाटाण्याएवढा जुना डाग सापडला. फितीसारख्या जंताच्या अंड्यांतून तो होतो. आमचं घर माळकरी, मी जन्मात कधी मांसाचा तुकडा तोंडात घातलेला नाही. डॉक्टरांनी समजावलं, त्याला मांस खावं लागत नाही. उघड्यावर बसणाऱ्यांच्या मैल्यातून अंडी मातीत जातात, पाण्यात जातात, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्याच्या पाल्यातून पोटात येतात आणि तिथून मेंदूपर्यंत पोचतात. भारतात फिट येण्याचं हे एक मोठं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे. म्हणजे माझा आजार मला गावाच्या मातीतून, सगळ्यांच्या घाणीतून मिळाला आणि त्याचं बंधन मात्र एकट्याच्या अंगावर आलं. मी कुणाला दोष देत नाही, मीही त्याच गावातला. पण हिशेब मांडताना ही ओळ सोडून देता येत नाही.

मागच्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा तास संपल्यावर थांबला. त्याला आठवीत असताना फिट यायला लागल्या, आता वर्ष झालं आलेली नाही. वही छातीशी धरून त्याने विचारलं, "सर, अठरा झाल्यावर मला गाडी चालवता येईल का?" बाहेर त्याचे वडील मोटारसायकल चालूच ठेवून उभे होते, त्याला न्यायला. मी त्याला बसवलं. गोळीची वेळ वहीच्या शेवटच्या पानावर लिहायला लावली, प्रत्येक फिटची तारीख, आदल्या रात्रीची झोप, सगळं. डॉक्टरला एकही फिट लपवायची नाही, हे दोनदा वदवून घेतलं. मग त्याने विचारलं, "आणि फॉर्मवर काय लिहायचं?" आमच्याकडे फॉर्म १ ची एक कोरी प्रत आहे, २०१८ पासून माझ्या कपाटात पडून असलेली. ती मी काढली, त्याच्यासमोर ठेवली, आणि आम्ही दोघं तो पहिला प्रश्न वाचत बसलो. खाली त्याच्या वडिलांनी दोनदा हॉर्न वाजवला.